दोनशे शहाऐंशी घरं आणि बारा चिठ्ठ्या

सगळ्यांना विचारून केलेली गोष्ट कोणालाच आवडत नाही, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. कोणालाच न विचारता केलेली गोष्टही आवडत नाही, पण ती निदान वेळेवर होते. या दोन्हींच्या मधला एक शास्त्रशुद्ध मार्ग आहे. थोड्यांना विचारायचं आणि सगळ्यांना विचारलं असं सांगायचं. हा मार्ग उत्तर टेक्सासातल्या मराठी माणसांना २००७ साली प्रल्हाद टेंभेकरने दाखवला. त्याबद्दल मंडळ त्याचं ऋणी आहे. (तसा ठरावच आहे. तो मागे घ्यायचं राहून गेलंय.)

मंडळ म्हणजे स्नेहबंध मराठी मंडळ, प्लेनो-फ्रिस्को. सभासद घरं दोनशे शहाऐंशी. मंडळाच्या घटनेत कलम नऊ असं सांगतं की गणपतीच्या जेवणाचा मेन्यू 'सर्व सभासदांच्या संमतीने' ठरवावा. हे कलम लिहिलं तेव्हा सभासद अकरा होते आणि त्यातले चार एकाच घरातले. पुढे घरं वाढली, कलम तेवढंच राहिलं. २००६ साली मसालेभातात काजू की शेंगदाणे या विषयावर चार मीटिंगा झाल्या आणि तीन राजीनामे पडले. (दोन मागे घेतले. तिसरा दिलाय हेच कोणाला कळलं नाही.) निर्णय लागला तेव्हा गणपतीचं फुगवायच्या तलावात विसर्जन होऊन सहा दिवस झाले होते. जेवणाला पिझ्झा मागवला होता. त्यावर वाद झाला नाही, कारण तो अर्ध्या तासात आला.

अशा वेळी प्रल्हाद पुढे आला.

प्रल्हाद मूळचा पुण्याचा. मोठ्या दुकानांच्या एका साखळीच्या ऑफिसात काम करायचा. त्याच्यासमोर रोज एक कोष्टक असायचं, त्याला ते लोक मॅट्रिक्स म्हणतात. एकेका गिऱ्हाइकाची एकेक ओळ, एकेका वस्तूचा एकेक कॉलम, आणि कोणी काय घेतलं त्याचे आकडे मधे. गिऱ्हाइकं चार कोटी, वस्तू तीन लाख. एवढं कोष्टक कुठल्याच कॉम्प्युटरच्या पोटात मावत नाही. मग करायचं काय? सगळं बघायचंच नाही. चिठ्ठ्या टाकून थोड्या ओळी उचलायच्या, तेवढ्याच सोडवायच्या, आणि बाकीचे लोक यांच्यासारखेच असणार असं धरून घरी जायचं. उत्तर जवळजवळ बरोबर येतं. हे गणिताने सिद्ध झालंय. प्रल्हाद साडेपाचला घरी यायला लागला, हे तर शेजाऱ्यांनीही पाहिलंय.

ही पद्धत चालते, कारण माणसं दिसतात तितकी वेगळी नसतात. याचा प्रल्हादला घरबसल्या पुरावा मिळाला होता. तो फ्रिस्कोच्या ज्या कॉलनीत राहायचा तिथे बाराशे घरं होती आणि बिल्डरकडे नकाशे तीन. एकदा दमूनभागून तो घरी आला, उघड्या गॅरेजमधून आत शिरला, बूट काढले, फ्रिज उघडून कालचे छोले काढले, मायक्रोवेव्हला गरम केले आणि अर्धे संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत नवरा भलताच आहे. ते मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र यांचं घर होतं. ग्रॅनाइटचा ओटा तोच, सोफा तोच, चमच्यांचा खण तिथेच. छोलेही त्याच पाकिटातल्या मसाल्याचे. दुसऱ्या कोणाला याची लाज वाटली असती. प्रल्हादला यात गणित दिसलं. तीन घरं पाहिली की बाराशे पाहिली. (छोल्यांचं भांडं त्याने विसळून ठेवलं. शैलेंद्रच्या घरात तेवढं एकच भांडं विसळलेलं होतं, त्यामुळे चोरी उघडकीला आली.)

आता उल्का. उल्का ही प्रल्हादची बायको, नागपूरची. एका टेलिकॉम कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळायचा. घरी ती हेच काम फुकट करायची. सहा वर्षं ती मंडळात पाटवडी रस्सा सुचवत होती. बेसनाच्या वड्या, काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा, बघूनच घाम यावा असा. सहा वर्षं पुण्या-मुंबईचे लोक हसून म्हणत होते, पुढच्या वर्षी नक्की. जुलैमध्ये ती प्रल्हादला म्हणाली, "या वर्षी रस्सा मेन्यूत नसेल, तर मला धरू नका."

"कशात?" प्रल्हादने विचारलं.

"कशातच."

प्रल्हादने मान डोलावली. नवरे मान डोलावतात त्यातल्या किती वेळा त्यांनी ऐकलेलं असतं, यावर अजून अभ्यास व्हायचाय. उल्का दरवर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी ऑफिसातून अर्धा दिवस रजा घ्यायची. ती कशासाठी घ्यायची हे त्याला माहीत होतं तसं मंडळात सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणजे कोणी कधी त्याचा विचार केलेला नव्हता.

ऑगस्टच्या मीटिंगमध्ये प्रल्हादने पद्धत मांडली. प्रत्येक घराने प्रत्येक पदार्थाला शून्य ते दहा गुण द्यायचे. पदार्थ एकसष्ट. म्हणजे दोनशे शहाऐंशी गुणिले एकसष्टचं मॅट्रिक्स. त्यातून बारा घरांच्या चिठ्ठ्या रँडम काढायच्या, त्या बाराजणांना फोन करून पक्कं विचारायचं आणि मेन्यू तयार. (खरं म्हणजे एवढंसं कोष्टक साध्या लॅपटॉपवर, काहीच न वगळता, शिंक यायच्या आत सुटलं असतं. पण मग प्रल्हादने मीटिंगमध्ये काय सांगितलं असतं?)

सुमित्राकाकूंना शंका होती. काकू १९७१ साली अमेरिकेत आल्या, तेव्हापासून टेक्सासात कोणी काय खावं हे त्याच ठरवत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्याच का? प्रल्हादने समजावलं की नाही काकू, ज्याचे आकडे मोठे त्याची चिठ्ठी निघायची शक्यता जास्त. जो जोरात बोलतो त्याला गणितही जास्त वेळा विचारतं. काकूंची शंका जागच्या जागी फिटली. अशी न्यायाची पद्धत आपल्याला इतकी वर्षं कोणी का सांगितली नाही, एवढंच त्यांना समजेना.

सर्व्हे मंगळवारी सकाळी दहाला ईमेलने गेला. दुपारी बारापर्यंत दोनशे एकसष्ट उत्तरं आली. मराठी माणूस इतक्या तातडीने फक्त ऑफिसच्या वेळात उत्तर देतो. त्यातली दोनशे चौपन्न पुरुषांची होती, कारण घराचा म्हणून मंडळाकडे पत्ता त्यांचाच. राहिलेली पंचवीस घरं प्रल्हादने सरासरीने भरून टाकली. त्यांनी तक्रार केली नाही, त्या अर्थी बरोबरच भरली असणार. स्वतःच्या घराची ओळ त्याने स्वतःच भरली, आणि पक्षपात नको म्हणून पाटवडी रश्श्याला पाच गुण दिले. उल्काला विचारलं नाही. तिचं मत त्याला माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट विचारण्यात वेळ घालवायचा नाही हेच तर पद्धतीचं सार.

मग साफसफाई झाली. एका कॉलमात वरपासून खालपर्यंत दहाच दहा होते. सगळ्या घरांनी एकच आकडा दिला की त्यात फरक उरत नाही, आणि फरक नाही तिथे गणिताला काही शिकण्यासारखं नसतं. असा कॉलम प्रोग्रॅम आपोआप काढून टाकतो. तो पदार्थाचं नाव वाचत नाही. प्रल्हादनेही वाचलं नाही. पदार्थ साठ उरले, तेवढंच काम हलकं झालं.

चिठ्ठ्या काढायच्या दिवशी कार्यकारिणी शैलेंद्रच्या घरी जमली. (प्रल्हादला फ्रिजपासून लांब बसवलं होतं.) कॉम्प्युटरला रँडम चिठ्ठ्या काढायला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो, तो कुठलाही चालतो, असं प्रल्हादने सांगितलं आणि चूक केली. मराठी माणसांना कुठलाही चालतो असं कधी सांगू नये. शैलेंद्र म्हणाला, एकशे आठ. खाद्यसचिव दीपा म्हणाली, एक हजार आठ, म्हणजे तेच पण जास्त. प्लेनोवाल्यांनी प्लेनोचा पिनकोड सुचवला, त्यावर फ्रिस्कोवाल्यांनी बहिष्काराची धमकी दिली. शेवटी सुमित्राकाकूंनी ह्यूस्टनच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी गाडी चालवत होते. ते म्हणाले, एकवीस, दूर्वा तेवढ्याच वाहतात. अशा रीतीने संपूर्ण रँडम आकडा मुहूर्तावर, दक्षिणेसकट ठरला.

पहिल्या बारा चिठ्ठ्यांत सुमित्राकाकू तीनदा निघाल्या. निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची असा नियम आहे, त्यामुळे असं होतं. नियमानुसार प्रल्हादने बाहेर अंगणात जाऊन आत बसलेल्या काकूंना तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा त्या श्रीखंड म्हणाल्या. दुसऱ्यांदा, कोणाचं तरी मन राखायला, बासुंदी म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अरे, डास चावतील, आत ये." तिन्हींची सरासरी काढण्यात आली.

मेन्यूत उपमा आला. काकू गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की खोलीचा एसी आपोआप वाढतो.

शैलेंद्र म्हणाला, "यार, रँडमच आहे ना? मग परत काढ की."

प्रल्हादने एकशे आठ घातला. मग हजार आठ. मग शैलेंद्रच्या गाडीचा नंबर. एकदा थालीपीठ आलं, एकदा नुसतेच तीन प्रकारचे भात आले, एकदा साबुदाण्याची खिचडी आली आणि तिला हरकत कोणी घ्यायची यावर दहा मिनिटं गेली. कोपऱ्यात पुस्तक वाचत बसलेली प्रल्हादची मुलगी अनिका मान वर न करता म्हणाली, "बाबा, दॅट्स सो नॉट रँडम." तिला बाहेर खेळायला पाठवण्यात आलं.

मग प्रल्हादने १९९६ घातला. ते त्याच्या लग्नाचं साल. सहज सुचला म्हणून घातला, असं तो आजही सांगतो. मेन्यू पडद्यावर आला आणि त्यात तिसऱ्या नंबरावर पाटवडी रस्सा. घरी जाऊन काय सांगायचं, कुठल्या आवाजात सांगायचं, हे सगळं त्याने एका क्षणात ठरवलं. फक्त आता लॅपटॉप मिटायचा होता.

"तिखट होईल रे," शैलेंद्र म्हणाला. "मुलं असतात. परत काढ."

सगळे प्रल्हादकडे बघत होते. तो चार शब्द बोलू शकला असता. उपमा चालत नाही, भात चालत नाहीत, तर हे तरी चालू दे. पण लग्नाचा आकडा घालून बायकोचा पदार्थ काढला असं झालं तर पद्धतीचं नाव खराब झालं असतं. माणसाच्या आयुष्यात बायको की पद्धत असा प्रसंग क्वचितच इतका स्वच्छ येतो. प्रल्हादने बटण दाबलं.

एकतिसाव्या वेळी सगळ्यांना पटेल असा निकाल लागला. तो असा:

श्रीखंड, पुरी, मसालेभात (काजू आणि शेंगदाणे दोन्ही), बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, अळूवडी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा. पापड असतील तर.

२००० सालच्या पहिल्याच मीटिंगमध्ये सुमित्राकाकूंनी तोंडी सांगितलेला मेन्यू हाच होता. तेव्हा त्याला हुकूमशाही म्हणून विरोध झाला होता. आता तो दोनशे शहाऐंशी घरांचा रँडम कौल होता, त्यामुळे टाळ्या पडल्या. प्रल्हादच्या अभिनंदनाचा ठराव झाला तो याच वेळी.

उत्साहाच्या भरात प्रल्हादने मंडळाच्या वेबसाइटवर आणखी एक कोष्टक लावलं. निवडलेल्या बारा घरांवरून बाकीचं प्रत्येक घर कसं बनतं, याचं. प्लेनोचा देवांग, वय एकतीस, अविवाहित, मोटरसायकलवाला, लाल बंडाना बांधणारा, हा ०.७ सुमित्राकाकू अधिक ०.३ शैलेंद्र निघाला. तो दोन दिवस ऑफिसला गेला नाही. त्याच्या मुलुंडच्या आईने फोनवर विचारलं की या सुमित्राकाकूंना मुलगी आहे का. काही घरं आपण नक्की कोणाचे किती आहोत यावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली, काही नव्याने बोलू लागली. आणि खुद्द टेंभेकरांचं घर ०.९८ शैलेंद्र निघालं. ती ओळ प्रल्हादने वेबसाइटवरून उडवली आणि राउंडिंगची चूक म्हणून नोंदवली.

घरी त्याने मेन्यूचा कागद डायनिंग टेबलवर ठेवला आणि बराच वेळ हात धुतले. उल्काने कागद वाचला. मग पुन्हा वाचला, नखाने एकेका पदार्थावर टिचकी मारत, ऑफिसात चुका शोधते तसा. एका जागी ती थांबली. तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. प्रल्हादला वाटलं आता सुटका नाही. पण तिने एवढंच विचारलं, "हे फायनल?"

"फायनल."

"आपल्या घराची ओळ कोणी भरली?"

प्रल्हादने सांगितलं. रश्श्याला किती दिले, तेही सांगितलं. शास्त्र समजावून सांगायला त्याने तोंड उघडलं, पण ती केव्हाच उठली होती. कागद तिने फ्रिजवर लावला, चुंबकाने, नीट, सरळ. आणि त्या वर्षी आदल्या दिवशी तिने अर्धा दिवस रजा घेतली नाही. प्रल्हादला वाटलं, बायको समजूतदार झाली.

पंधरा सप्टेंबरला, शनिवारी, प्लेनोच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात गणपती बसले. गर्दी अशी की शेवटच्या गाड्या शेजारच्या चर्चच्या पार्किंगमध्ये. मेन्यूप्रमाणे सगळं तयार होतं. दीपाने कागदावर आठही पदार्थांपुढे खुणा केल्या होत्या. आरती दणक्यात झाली, झांजांचा आवाज ऐकून शाळेचा रखवालदार दोनदा डोकावून गेला. मग गुरुजींनी नैवेद्याचं ताट पुढे घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, ताटाभोवती पाहिलं, टेबलाखाली पाहिलं आणि विचारलं,

"मोदक?"

मठ्ठा वाढायला घेतलेला डाव परत पातेल्यात गेला.

दीपाने कागद पाहिला, मागून पुढून. शैलेंद्रने दीपाला पाहिलं. दोनशे शहाऐंशी घरांपैकी प्रत्येक घराला वाटत होतं की मोदक येतात. ते दरवर्षी येतातच. गरम, उकडीचे, कळीदार, पाचशेच्या वर. ते कुठून येतात असं विचारणं म्हणजे नळाला पाणी कुठून येतं असं विचारण्यासारखं. मग हळूहळू प्रत्येकाला काहीतरी आठवू लागलं. आदल्या दिवशीची रजा. टेंभेकरांच्या खिडकीतून येणारी वाफ. आणि सगळ्या माना फिरल्या उल्काकडे, जी खांबाजवळ कागदी बशी हातात धरून उभी होती.

प्रल्हादचा चेहरा पांढरा पडला होता. तो कुजबुजला की सगळ्यांनी दहा दिले होते. एकूण एक घराने. फरकच नव्हता, म्हणून कॉलम गेला.

सुमित्राकाकू सावकाश म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना हवं होतं, म्हणून काढून टाकलंस?"

गणिताच्या भाषेत हे अगदी बरोबर होतं. पहिल्यांदाच कोणीतरी त्याची पद्धत एका वाक्यात समजून घेतली होती. पण प्रल्हादला त्याचा आनंद घेता आला नाही.

"वहिनी, मोदक..." शैलेंद्रने हात जोडले.

"स्पेकमध्ये नव्हते," उल्का म्हणाली.

"अहो, ते यादीत कधीच नसतात. तरी दरवर्षी असतातच की."

"तेव्हा तुम्ही गणित केलेलं नव्हतं."

मागे कुठेतरी देवांग खो-खो हसला. (०.७ सुमित्राकाकूंना ते आवडलं नाही.) प्रल्हाद उल्काजवळ गेला. सगळं मंडळ ऐकत होतं, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती.

"एकदा रस्सा आला होता," तो म्हणाला. "मीच परत बटण दाबलं."

उल्काने त्याच्याकडे पाहिलं. ऑफिसात एखाद्याने स्वतःहून चूक कबूल केली की टेस्टर बघतात तसं. म्हणजे कौतुक नाही, पण कामाला आता निदान सुरुवात होईल.

"गाडीच्या डिकीत मोठं पातेलं आहे," ती म्हणाली. "दोघं लागतील. सांडू नका."

नैवेद्य गूळ-खोबऱ्याचा झाला. बाप्पाने हरकत घेतली नाही, त्याची चिठ्ठी तशीही कोणी टाकलेली नव्हती. आणि मग पानांवर पाटवडी रस्सा पडला, यादीत नसलेला, कोणाचीही संमती नसलेला. पहिल्या घासाला पुण्याच्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या घासाला मुंबईच्या. तिसऱ्या घासाला सगळ्यांनी पुरी बाजूला ठेवली. मुलांसाठी तिखट होईल म्हणणारा शैलेंद्र नाक पुसत पातेल्याच्या तळाशी वड्या शोधत होता. सुमित्राकाकूंनी तीनदा घेतला, आणि चौथ्यांदा वाटी पुढे करत म्हणाल्या की निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची ना, मग टाक. श्रीखंड दोन बादल्या उरलं.

पुढच्या वर्षी, २००८ साली, पुन्हा सर्व्हे झाला. या वेळी नवरा-बायको दोघांच्याही पत्त्यांवर ईमेल गेला. प्रत्येक घराने पाटवडी रश्श्याला दहा गुण दिले. एकूण एक घराने. प्रोग्रॅमने तो कॉलम आपोआप काढून टाकला.

प्रल्हादने या वेळी नाव वाचलं. त्याने तो कॉलम हाताने परत घातला, मोदकांचाही घातला, आणि दोन्हींपुढे स्वतःचं नाव लिहिलं. गेल्या वर्षी तो उकड मळायला शिकला होता. (त्याच्या मोदकांना पाकळ्या रँडम पडतात.) मंडळाच्या इतिवृत्तात या दुरुस्तीची नोंद 'मानवी चूक' अशी आहे.

आता राहिला प्रश्न तुमचा. गणपतीच्या जेवणाचा मेन्यू वर अख्खा दिला होता. श्रीखंड ते पापड, तुम्ही वाचलात, आणि मान डोलावून पुढे गेलात. त्यात काय नाही, हे किती वाचकांच्या लक्षात आलं, ते मंडळाला जाणून घ्यायचं होतं. सगळ्यांना विचारणं शक्य नव्हतं, म्हणून बारा वाचक रँडम निवडले आणि फोन केले. बाराच्या बाराजण म्हणाले, हो तर, तेव्हाच लक्षात आलं होतं.

सगळ्यांचं उत्तर एकच, तेव्हा तो कॉलम काढून टाकला आहे. (त्यांच्या घरी मोदक कोण करतं, हेही विचारलं होतं. त्यावर फोन बायकोकडे देण्यात आले.)